उभ्या गाडीतला पहिला तास

आमच्याकडे गाडीवर नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला चावी देतो, पण गाडी हलवू देत नाही. सकाळी सहाला, परळच्या आमच्या गल्लीत वर्दळ सुरू व्हायच्या आत, व्हॅन जागेवर उभी आणि तो ड्रायव्हरच्या सीटवर. तासभर नुसतं बसायचं, हात फिरवायचा, दाबून बघायचं. गेल्या महिन्यात भाचा आला. लायसन्स आहे, मित्राची छोटी गाडी वर्षभर चालवलीय. "मामा, येते मला चालवता," म्हणाला. म्हटलं, "चालवता येते रे, वापरता येते का ते बघू."

आमचा धंदा जेवणाच्या ऑर्डरींचा. जुलैत हिंदमाताला पाणी भरायला लागलंय, काच आतून पांढरी झालीय, मागे श्रीखंडाचा टोप हिंदकळतोय आणि पाठीमागून बेस्टची बस हॉर्न मारतेय, अशा वेळी ब्लोअरचं बटण शोधायला मान खाली घालता येत नाही. कुठे काय आहे ते हाताला आधीच ठाऊक असावं लागतं. म्हणून हा तास.

व्हॅन म्हटलं की आपल्याकडे आधी ओम्नी आठवते. १९८४ साली ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि २०१९ला बंद झाली. मधल्या काळात हिंदी पिक्चरमध्ये कुणाला पळवून न्यायचं असलं की हीच गाडी कचकन थांबायची आणि दरवाजा सर्रकन उघडायचा. आता रस्त्यावर जास्त करून मारुतीचीच ईको दिसते, २०१०पासूनची. माझीही तीच, सीएनजीवरची, सेकंडहँड घेतलेली. तुमची गाडी दुसरी असली तर एखादं बटण इकडचं तिकडे असेल. क्रम मात्र हाच ठेवा.

आधी दरवाजा

आत बसायच्या आधी सरकत्या दरवाज्याशी दहा मिनिटं घालवा. छोटी गाडी चालवणाऱ्याला व्हॅनमध्ये नवीन असतो तो हाच, आणि सगळ्यात जास्त बोटं चेमटतात तीही यातच.

मूठ ओढून दरवाजा पूर्ण मागे न्या. शेवटी ‘टक’ असा आवाज येतो, तिथे तो अडकून राहतो. ‘टक’ ऐकू यायच्या आधी सोडला तर सपाट रस्त्यावर काही बिघडत नाही. पण गाडीचं तोंड उताराकडे असेल, पेडर रोडला किंवा भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत, तर तोच दरवाजा स्वतःच्या वजनाने धावत पुढे येतो. आणि नेमका त्या वेळी आपला एक हात मधल्या खांबावर टेकलेला असतो. सामान चढवता-उतरवताना खांब धरायचा नाही, हे मुलांना मी इतक्यांदा सांगतो की मी तोंड उघडलं की तेच म्हणून दाखवतात.

लावताना हळूच ढकलला तर लागत नाही, आपटला तर कडी लवकर ढिली होते. मूठ धरून एका दमात, सारख्या जोराने ओढायचा. पहिली ‘खट’ म्हणजे अर्धवट, दुसरी ‘खट’ झाली की लागला. पहिल्या खटवर समाधान मानल्याचं फळ मला भारतमाताच्या सिग्नलला मिळालं होतं. वळताना दरवाजा सरकला आणि डझनभर स्टीलच्या वाट्या खणखणत रस्त्यावर गेल्या. हसणारे पुष्कळ होते, उचलायला एक फुलवाली मावशी आली. तेव्हापासून दरवाजा लावला की बाहेरून एकदा हिसका देऊन बघतो.

दरवाजा ज्या पट्टीत सरकतो तिच्यात वाळू, शेंगांची टरफलं, खडे जमतात. आमच्या पट्टीत लग्नसराईत अक्षता सापडतात. दरवाजा जड झाला की लोक थेट तेल ओततात. तसं करू नका, तेलावर धूळ बसून चिखल होतो. जुन्या टूथब्रशने पट्टी साफ करा, फडक्याने पुसा, मग बोटभर ग्रीस.

आता दरवाजा उघडा ठेवून त्याच्या कडेला बघा. कडीजवळ एक बारीक खटका असतो, तो चाइल्ड लॉक. तो लावला की दरवाजा आतल्या मुठीने उघडत नाही, बाहेरूनच उघडावा लागतो. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे असतील तर उजव्या बाजूचा हा खटका मुंबईत कायम लावून ठेवावा असं माझं मत आहे, मागे लहान मूल असो वा नसो. सिग्नलला किंवा हॉलसमोर थांबलात की मागच्या पाहुण्यांना घाई असते, आणि उजवीकडून स्कूटर जाणारच असते. उतरणारे सगळे डावीकडून, फुटपाथकडे उतरू देत. ‘दरवाजा जाम झालाय’ अशी तक्रार येईल. येऊ दे.

सीट, पायाखालची जागा, आरसे

ईकोचं इंजिन पुढे नाही, पुढच्या सीटखाली आहे. म्हणून लांब फेरीनंतर बूड गरम लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोडसर वास आला तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, गळत असेल, जळका आला तर आणखी काही. दोन्ही वेळा बाजूला घेऊन थांबा. सीटखाली फटीत नॅपकिन, पिशव्या, कागदी प्लेटा कोंबायची सवय पहिल्याच दिवशी मोडा.

सीट पुढे-मागे करताना क्लचवरून मोजा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर वाहतुकीत तासाभरात मांडी भरून येते, आणि सायनच्या रांगेत क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मी सांगायला नको. सीट सरकवल्यावर खटका बसलाय का ते अंग मागे-पुढे ढकलून बघा.

पायाखाली काहीही नको. पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबला जात नाही. पायपुसणं पुढे सरकून पेडलवर चढतं तेही तेवढंच वाईट. बाटलीची जागा दरवाज्याच्या खणात.

आरसे सामान भरल्यावर लावायचे, आधी नाही. मागे टोप रचले की मधला आरसा फक्त टोपच दाखवतो. मग बाहेरचे दोनच आपले. प्रत्येकात आपल्या गाडीची बाजू बोटभर दिसावी, बाकी सगळा रस्ता.

सीटबेल्टबद्दल दोनच गोष्टी. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२पासून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. आणि व्हॅनच्या मधल्या सीटची बक्कलं हमखास गादीखाली गेलेली असतात. ती आजच वर काढून ठेवा. पाहुणे बसल्यावर शोधणं म्हणजे सगळ्यांना उठवणं.

डॅशबोर्डवर गणपती हवाच, आमच्याही गाडीत आहे. फक्त ‘एअरबॅग’ असं लिहिलेल्या झाकणावर तो चिकटवू नका. एअरबॅग उघडली की त्या झाकणावरचं सगळं समोरच्याच्या तोंडावर येतं. मधोमध बसवा, तिथून त्याचं दोघांवर लक्ष राहतं.

चावी आणि दिवे

चावी घातली आणि फिरतच नाही, असं पहिल्या आठवड्यात एकदा तरी होतं. भाच्याने तर चावी वाकवायचीच बाकी ठेवली होती. गाडी बिघडलेली नसते, स्टिअरिंग लॉक झालेलं असतं. डाव्या हाताने स्टिअरिंग थोडं इकडे-तिकडे हलवत उजव्या हाताने चावी फिरवा, सुटतं.

सेल्फ मारायच्या आधी ‘ऑन’वर दोन सेकंद थांबा. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे सगळे एकदम पेटतात. गाडी त्यातून दाखवते की हे दिवे चालू आहेत. तेव्हा जो दिवा पेटतच नाही तो गेलेला आहे, आणि गरज पडेल तेव्हाही तो गप्पच राहणार. इंजिन सुरू झालं की एकेक विझतात. हँडब्रेकचा तेवढा राहतो, तोही हँडब्रेक खाली केला की जातो. हँडब्रेक खाली करूनही तो लाल दिवा राहिला तर ब्रेक ऑइल कमी असू शकतं. गाडी काढू नका.

चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर ते ‘थांब’ असं समजा, पिवळा लागला तर ‘लवकर दाखवून घे’. तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागल्यावर पुढच्या पंपापर्यंत नेऊ असं म्हणणारा माणूस इंजिनाचं काम काढून बसतो. तापमान वर चढलं तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या. जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण लाल बाजूला आणि ब्लोअर फुल. अंगाला घाम सुटेल, पण इंजिनातली उष्णता तेवढीच बाहेर पडते. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही.

दोन दांड्या

स्टिअरिंगच्या उजव्या दांडीवर इंडिकेटर आणि लाइट, डाव्या दांडीवर वायपर. मारुतीत असं असतं. काही युरोपियन बनावटीच्या गाड्यांत उलट, म्हणून तिकडून आलेला माणूस पहिले आठ दिवस वळताना वायपर चालवतो.

इंडिकेटर पाठ करायची गरज नाही. स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवणार, दांडी त्याच फेऱ्यात ढकलायची. उजवीकडे वळताना स्टिअरिंगची उजवी कड खाली येते, म्हणून दांडी खाली. डावीकडे वळायचं तर वर. डोळे मिटून दहा वेळा करा.

त्याच दांडीचं टोक फिरवलं की आधी पार्किंग लाइट, मग हेडलाइट. डॅशबोर्डवर निळा दिवा पेटला म्हणजे अप्पर, लांबचा झोत, चालू. शहरात रस्ते उजळलेले असतात, अप्परचं कामच नाही. समोरच्या दुचाकीवाल्याला दोन क्षण काहीच दिसत नाही.

वायपर कोरड्या काचेवर चालवू नका. धुळीचे कण घासून काचेवर कमानी उमटतात आणि रात्री प्रत्येक दिवा त्यात फाकतो. आधी पाण्याचा फवारा, मग वायपर. रबर मेच्या शेवटी बदलून घ्या. पहिल्या पावसात सगळे एकदमच जागे होतात.

लाल त्रिकोणाचं बटण चारही इंडिकेटर लावतं. ते उभ्या गाडीसाठी आहे. पावसात हायवेवर आणि बोगद्यात ते लावून चालवायची टूम निघालीय. त्याने तुम्ही वळणार आहात की सरळ जाणार, मागच्याला काही कळत नाही. पाऊस जोरात असेल तर साधे हेडलाइट लावा.

हॉर्न कुठे आहे हे कुणाला शिकवावं लागत नाही. दवाखाने, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. आमच्याकडे केईएम, टाटा, वाडिया सगळी जवळजवळ, त्यामुळे परळात मुलाचा हात हॉर्नवर गेला की मी नुसतं बघतो.

ब्लोअर आणि एसी: इथे वेळ काढा

मुंबईत व्हॅन वापरायची तर निम्मं कौशल्य या तीन-चार बटणांत आहे. ब्लोअरचा वेग, हवा कुठे सोडायची, हवा गार की गरम, आणि हवा बाहेरची की आतलीच. शिवाय एसीचं बटण.

आधी माझी फजिती सांगतो. एका एप्रिलमध्ये एसी गार करेना. गॅरेजवाल्याने गॅस भरला, पैसे घेतले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्याने आत डोकावून गार-गरमचा नॉब फिरवला आणि हसला. सामान चढवताना कुणाचा तरी कोपर लागून नॉब लाल बाजूला गेला होता. म्हणजे एसी हवा गार करत होता आणि हीटर तीच पुन्हा तापवत होता. मुंबईत हीटर कुणी लावत नाही, त्यामुळे त्या नॉबकडे कुणाचं लक्षच जात नाही. एसीबद्दल तक्रार करायच्या आधी तो निळ्या टोकाला आहे का बघा.

आता पावसातली काच. पाच माणसं ओल्या कपड्यांनी बसली, दारं-खिडक्या बंद, मागे गरम भात. काच दोन मिनिटांत धुरकटते. फडक्याने पुसत बसलात तर पुसून होईपर्यंत परत. पहिलं काम म्हणजे काचेवर आतून बोट ओढून बघणं. रेघ उमटली तर दव आत आहे, नाही उमटली तर बाहेर.

आत असेल तर हवा समोरच्या काचेवर सोडा, हवा बाहेरची घ्या, ब्लोअर वाढवा आणि एसी चालू करा. थंडी वाजते म्हणून एसी बंद करणारे इथेच चुकतात. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. गाडीखाली थेंब थेंब गळतं ते तेच पाणी. ही कोरडी हवा काचेवर गेली की दव उडतं. फार गार वाटलं तर नॉब थोडा लाल बाजूला न्या, एसी चालू ठेवूनच. एरवी फजिती करणारं जोडकाम इथे कामाला येतं.

बाहेरून दव असेल तर काच जास्तच गार झालीय. हवेचा झोत काचेवरून काढून अंगाकडे किंवा पायाकडे वळवा, वायपरचा एक फेरा मारा.

हवा बाहेरची की आतली, हे गाडीच्या चित्रावरून कळतं. बाण गाडीतच गोल फिरत असेल तर आतली हवा, बाहेरून आत येत असेल तर ताजी. उन्हात कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरताना किंवा कचऱ्याच्या गाडीमागे अडकलात की आतली ठेवा. पावसात आणि गाडी भरलेली असताना बाहेरची. हा एकच खटका बोटांना न बघता सापडला तरी आजचा तास वसूल.

उन्हात तापलेल्या व्हॅनमध्ये बसल्या बसल्या एसी लावून काही होत नाही. दोन्ही सरकते दरवाजे मिनिटभर उघडे ठेवा, गरम हवा आरपार जाऊ दे, मग लावा. मागच्या रांगेपर्यंत गारवा उशिरा पोचतो. ‘एसी लावलाय ना?’ हा प्रश्न माहीमपर्यंत येतच राहतो.

सामान भरल्यावरचं एक छोटं चाक

डॅशबोर्डवर हेडलाइटच्या चित्राशेजारी ०, १, २ असे आकडे असलेलं चाक असतं. वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्यांनाही ते कशाचं ते माहीत नसतं. मागे दोनशे किलो भांडी भरली की गाडीची शेपूट बसते, नाक वर होतं आणि डिपर, म्हणजे खालचा झोतसुद्धा, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आकडा वाढवला की झोत खाली येतो. एकटे असाल तर ०. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून फिरवून बघा, झोत खाली उतरताना दिसतो.

जड टोप पुढच्या सीटच्या पाठीला लागून, खाली आणि मधोमध. वर हलकं. रिव्हर्सचा सेन्सर टीं-टीं करतो, अंतर कमी झालं की सलग वाजतो. पण बारीक खांब, जमिनीलगतचा दगड, हातगाडीचं वरून पुढे आलेलं फळकूट त्याला दिसेलच असं नाही. अरुंद गल्लीत मी अजूनही कुणाला तरी खाली उतरवून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणवून घेतो.

सीएनजी

सीएनजीच्या बटणावर चार बारीक दिवे असतात, गॅस किती आहे ते सांगणारे. गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि थोडी तापली की आपोआप गॅसवर जाते. म्हणून टाकीत पेट्रोल कायम थोडं ठेवा. ‘गॅसची गाडी आहे, पेट्रोल कशाला’ म्हणणाऱ्याची गाडी एक दिवस सुरूच होत नाही.

पंपावर इंजिन बंद, सगळे खाली, फोन खिशात. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी लागते, तारीख सिलिंडरच्या माहितीच्या पट्टीवर असते. सेकंडहँड गाडी घेतलीत तर ती तारीख आधी वाचा. गाडीत गॅसचा वास आला तर इंजिन बंद करून दरवाजे सताड उघडा, कुठलंही बटण दाबू नका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.

पाणी भरलं तर

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी बंद गाडीत अडकून माणसं गेली. त्यामुळे काचा आणि कड्या हाताने उघडायचा सराव याच तासात करून घ्या. हाताने फिरवायची काच असेल तर उत्तम, पाण्यात तिला वीज लागत नाही. वीजेची असेल तर पाणी दारापर्यंत यायच्या आधीच खाली करा. दाराला बाहेरून पाण्याचा दाब आला की ते ढकलवत नाही. काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये (गॅसच्या नव्हे) पाणी गेलं असेल तर त्या एका सेल्फने इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी न्यूट्रलला टाका, ढकलून बाहेर काढा. पालिकेचा आपत्तीचा नंबर १९१६, तो फोनमध्ये आत्ताच घाला.

तास संपता संपता भाच्याला डोळे मिटायला लावले आणि एकेक नाव घेतलं. डिपर, वायपर, लाल त्रिकोण, ताजी हवा. तीन सापडले, ताज्या हवेऐवजी हात रेडिओवर गेला आणि गल्लीत सकाळी सातला भक्तिगीत सुरू झालं. वरच्या खिडकीतून काकूंनी डोकावून बघितलं. "परत," म्हटलं.

गाडी बंद करताना गिअर टाका, हँडब्रेक ओढा, लाइट आणि ब्लोअर बंद, काचा वर. डावा सरकता दरवाजा दुसऱ्या खटपर्यंत. मग वळसा घालून उजव्या दरवाज्याची मूठही बाहेरून ओढून बघा. तो आतून तपासता येत नाही, चाइल्ड लॉक आपणच लावलंय.